खलियाची चव सांगणारा

गेल्या दिवाळीपासून मला वास येत नाही. नाक चोंदलेलं नाही, श्वास मोकळा चालतो, पण वास म्हणून जो असतो तो येत नाही. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. मला हे कळलं दुधामुळं. मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो. गॅसवर दूध उतू गेलं, पातेलं काळं झालं, धूर झाला, आणि बायको गच्चीवरून धावत आली. "अहो, खालच्या मजल्यावरची माणसं दारात आली वासानं, आणि तुम्ही इथं बसून पेपर वाचताय?" मी म्हणालो, लक्ष नव्हतं.

मग एके दिवशी गुपचूप चाकणच्या एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. त्यानं नाकात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, येईल, कदाचित नाहीही येणार, वाट बघा. एवढं तर मीही सांगितलं असतं.

वास गेला की चवही जाते, हे मला तोवर माहीत नव्हतं. खारट, आंबट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं. तिखट झोंबतं. बाकी सगळं पुठ्ठा. वरण आणि आमटी यांत मला आता फक्त घट्ट-पातळाचा फरक उरलाय.

हे मी कुणाला सांगितलं नाही. त्याला कारण आहे. आमच्या घरात माझ्या जिभेचा दरारा आहे. मी कडूबा, मूळचा फुलंब्रीचा. तीस वर्षं ताटावर बसल्या बसल्या सांगत आलोय की, जिरं करपलंय, लसूण कच्चा राहिलाय, आज मसाला दुसऱ्या डब्यातला आहे. बायको म्हणते, "तुमच्यापुढं ताट ठेवलं की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं." मला त्यात कौतुक ऐकू यायचं. आता तिला जाऊन काय सांगू, की परीक्षकाला उत्तरपत्रिका दिसत नाही? तिनं पेढे वाटले असते.

पण गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. माझा मुलगा ऋतुराज, सत्तावीस वर्षांचा, पुण्यात एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात आहे. त्याला नोकरीचा वीट आलाय. त्याचं आणि त्याच्या एका मित्राचं ठरलं की वाकडला मराठवाड्याच्या जेवणाचं हॉटेल काढायचं: भाकरी, भाजलेल्या धान्याच्या येसराची आमटी, धपाटे, आणि रविवारी मटणाचा नान-खलिया. फेब्रुवारीत तो मला म्हणाला, "पप्पा, गाळा बघून ठेवलाय. पण माझ्याकडं खरं काय आहे, तर तुमची जीभ. तुम्ही चव पास केली की मी सोमवारी राजीनामा देतो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मुलगा इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं काहीतरी मागायला आला होता. मी छाती फुगवून म्हणालो, "मग चल शनिवार-रविवार संभाजीनगरला. कुठं काय खायचं ते शिकवतो तुला."

त्या शहरात मी एकोणीस वर्षं काढली. शहाऐंशी साली आयटीआयला आलो, मग चिकलठाण्याच्या कंपनीत लागलो, शहागंजच्या मागं एका गल्लीत माडीवर खोली होती. लग्न झालं, ऋतू झाला, आणि मग कंपनीनं बाडबिस्तरा चाकणला हलवला. पुण्याकडं मला काही कमी पडलं नाही. पण कुणी विचारलं, तुमचं गाव कोणतं, तर मी फुलंब्री सांगतो आणि डोळ्यांपुढं तिथला गुलमंडीचा बाजार येतो.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. बायकोचा गुडघा धरला होता म्हणून ती आली नाही, हे माझं नशीब. गाडीत ऋतू म्हणाला, "तुम्ही फक्त खायचं आणि बोलायचं. मी मोबाईलवर टिपून घेतो." मी हूं म्हणालो आणि नेवासा येईपर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

साडेदहाला गुलमंडीत पोचलो. गाडी लांब लावून चालत आलो. कचोरीच्या दुकानासमोर तीच गर्दी, तोच कढईचा चर्रचर्र आवाज. वास तेवढा नाही. टीव्हीचा आवाज बंद करून लग्न बघावं तसं वाटत होतं. कचोरी हातात आली आणि मला युक्ती सुचली. घास तोंडात टाकायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची चव आठवून बोलायचं. माझी आठवण पक्की आहे.

"मुगाची डाळ," मी म्हणालो. "बडीशेप अख्खी, धणे भरड. आणि हिंग अंमळ जास्त. हीच खुबी हाय बघ."

ऋतू भराभरा टिपत होता. कचोरी करकरीत होती, ते मात्र मी खरं सांगितलं. तिथून इमरतीकडं गेलो. ती गरम होती, गोड होती, पाक बोटांना चिकटत होता. बाकीचं मी मनानं भरलं. उडदाची डाळ किती वेळ फेसायची, पाकाला तार किती, हे मी पूर्वी तिथं उभं राहून बघितलेलं होतं. ऋतू म्हणाला, "पप्पा, तुम्ही कमाल आहात." दुपारपर्यंत मला चक्क मजा यायला लागली होती, हे कबूल करतो.

दुपारी त्याला जाधववाडीच्या मोंढ्याजवळ मुक्ताबाईच्या खानावळीत नेलं. मार्केट यार्डात मका, कापूस घेऊन येणारे शेतकरी तिथं जेवतात. सिल्लोड-फुलंब्रीची माणसं, बाकड्यावर मांडी घालून बसतात, बोलत नाहीत, जेवतात. आमच्यात शनिवारी मटण चालत नाही, म्हणून ज्वारीची भाकर, येसराची आमटी, ठेचा आणि कांदा. मुक्ताबाई आता आत खाटेवर बसून असते, सून वाढते.

आमटीत भाकर कुस्करली, घास घेतला, आणि मी सुरू झालो. "वास बघ, ऋतू. घाण्याचं शेंगदाणा तेल. पुण्यात शोधून मेलास तरी मिळायचं नाय."

भाकर वाढायला आलेली सून तिथंच थांबली. "काका, घाणा बंद होऊन धा वर्षं झाली. आता सोयाबीनचंच तेल असतंय."

ऋतूनं माझ्याकडं बघितलं. मी काय करतो? अडकलो की चिडतो, माझा जुना रस्ता आहे. "सोयाबीन असलं म्हणून काय झालं?" मी आवाज चढवला. "फोडणी कुणाच्या हातची हाय ते बघ ना!" याला काही अर्थ नव्हता. सून म्हणाली, "माझ्याच हातची," आणि पुढच्या पंगतीकडं गेली. ऋतूनं त्या आमटीबद्दल काही टिपलं नाही.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "पप्पा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"मला काय धाड भरलीय?"

मुक्काम सिडकोत, माझी धाकटी बहीण भागूबाई हिच्या घरी. शहरात बहीण असताना लॉजवर उतरलो असतो तर तिनं जन्मभर ऐकवलं असतं. संध्याकाळी तिनं वांग्याचं भरीत आणि धपाटे केले. मी जेवलो आणि म्हणालो, "छान झालंय."

भागूबाईनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. "दादा, काय झालंय तुला?"

"काय व्हायचंय?"

"माझ्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली. माझ्या हातचं खाऊन तू छान कधी म्हणलाच नाहीस. दवाखान्यात दाखवून आलास का? लई मोठं काही निघालं का? खरं सांग."

ऋतू हसला, तिचे यजमान हसले. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी यायला लागलं होतं. मी घाईघाईनं भरिताचा आणखी एक घास घेतला. मीठ तर मला कळतं! "मीठ कमी हाय," मी म्हणालो, "आणि धपाटं जाड थापलंयस."

"हां," ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. "आता जीव भांड्यात पडला."

मला हसू आलं नाही. माझी बहीण माझ्या शिव्यांवरून माझी तब्येत ओळखते, हे काही अभिमानानं सांगावं असं नव्हतं. अंथरुणाला पाठ टेकताना ठरवलं, सकाळी ऋतूला सांगायचं. सोमवार उजाडायच्या आत.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन त्याला शोधत गेलो, तर तो अंगणात मित्राशी फोनवर बोलत होता. "अरे, टेन्शन घेऊ नको. कचोरी, इमरती सगळं डिटेलमध्ये लिहिलंय. पप्पांनी एक घास खाऊन आतला हिंगसुद्धा सांगितला. आज खलिया फायनल करतो." मी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला आणि आत आलो. म्हटलं, संध्याकाळी सांगू. खलिया खाऊन झाल्यावर.

रमजानचे दिवस होते. शहागंजच्या बाजूला दुपारी शुकशुकाट असतो आणि चारनंतर गल्ल्या जाग्या होतात. गफूरभाईची खलियाची मोठी देग रोजा सुटायच्या वेळेला उतरते, म्हणून आम्ही पाच वाजता निघालो.

गफूरभाई माझा जुना दोस्त. मी माडीवर राहायचो तेव्हा खाली त्याची खलियाची गाडी लागायची. आता गाडी गेली आणि त्याच जागी छोटं दुकान झालंय. आत सून-मुलगी मसाला वाटतात, दारात भट्टी आणि देग. आमची दोस्ती जमली ती रमजानामुळं. रोजा असताना आचाऱ्याची मोठी पंचाईत असते. दिवसभर सव्वाशे माणसांचं रांधायचं आणि चव बघायची नाही. जिभेच्या टोकावर ठेवून थुंकून टाकणारे आचारी असतात, ते चालतं म्हणे, पण गफूरला ते जमत नाही. म्हणून रोज साडेपाच-सहाला तो खालून हाक मारायचा, "कडू, ओ कडू, नमक देख रे!" मी कंपनीतून येऊन नुकता पाय धुतलेला असायचो. खाली जायचो, तो पळीभर लाल तरी माझ्या डाव्या तळहातावर ओतायचा, मी चाटायचो, जरा विचार केल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, "हौ." माझ्या त्या एका 'हौ'वर देग झाकली जायची. एकोणीस रमजान. शनिवार आला तर मात्र मी जायचो नाही, मग तो माझ्या मारुतीच्या नावानं दोन शब्द सुनवायचा आणि पानवाल्याला बोलवायचा.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा देगीखाली लाकडं धडधडत होती. गफूर पाठमोरा उभा होता. दाढी पूर्ण पांढरी, खांदे उतरलेले. मी हाक मारली. तो वळला आणि मोठा चमचा हातात घेऊनच पुढं आला.

"अरे कडू! जिंदा है क्या तू?" मग ऋतूकडं बघितलं. "ये तेरा? ये तो मेरी गाडी के नीचे खेलता था."

मिठी मारून झाली. ऋतूनं आपलं काम सांगितलं: पुण्यात हॉटेल, खलिया शिकायचा, गफूरभाईंनी शिकवावं. गफूर म्हणाला, "वो सब बाद में. पहले तेरा बाप आया, अल्लाह ने भेजा इसको. कडू, सही टाइम पे आया तू."

त्यानं मला देगीजवळ नेलं. देगीत मटण शिजत होतं, वाटण अजून पडलेलं नव्हतं. शेजारी एका परातीत वाटणाचा गोळा, आणि एका लहान पातेलीत त्याच वाटणाचा थोडासा खलिया करून ठेवलेला.

"खोबरा बदला मैं," तो हळू आवाजात म्हणाला. "पुराना दुकानवाला गाँव चला गया. नयेवाले का कच्चा सूँघा तो ठीक लगा. लेकिन खवट खोबरा पकने के बाद पीछे से बोलता. और मेरी नाक तो शाम तक धुएँ में बहरी हो जाती. सुबह से दिल में खटका है. इसलिए थोड़ा अलग पकाया. तू चख. तू हौ बोला तो देग में डालता. मोहल्ले का सव्वासौ आदमी रोजा खोलेगा इसपे."

त्यानं पळी उचलली. मी सवयीनं डावा हात पुढं केला. गरम तरी तळहातावर पडली, चाटली. मीठ बरोबर होतं. तिखट जिभेला लागलं. आणि त्याच्यापुढं काही नाही. मी डोळे मिटून जुनी चव आठवायचा प्रयत्न केला. ती लगेच आली, हुबेहूब आली. पण ती शहाण्णव सालच्या खोबऱ्याची होती, या परातीतल्या नव्हे.

ऋतू मोबाईल काढून शेजारी उभा होता. गफूर माझ्या तोंडाकडं बघत होता. 'हौ' म्हणायला काही लागत नव्हतं. दोन दिवस मी तेच करत होतो. मुलाला फसवताना मला वाईट वाटलं, पण झोप लागली होती. आपलाच आहे, नंतर समजावू, असं कुठंतरी मनात होतं. पण सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेली माणसं पहिला घास घेणार, आणि गफूर माझ्या शब्दावर तो घास त्यांच्यापुढं ठेवणार. तिथं माझी जीभ उचलेना.

"गफूर," मी म्हणालो, "मेरे कू नहीं मालूम पड़ता."

"क्या नहीं मालूम पड़ता?"

"कुछ भी. दिवाली से बास आना बंद है. नमक बराबर है. उसके आगे मैं अंधा है."

मी ऋतूकडं बघितलं नाही. गफूर मात्र पटकन म्हणाला, "पौन घंटा है. रोना बाद में." आणि पळी पुन्हा भरून ऋतूकडं वळला. "बेटा, हाथ आगे कर."

ऋतूचा चेहरा उतरला होता. त्यानं मोबाईल खिशात टाकला, हात पुढं केला, चाटलं. "चांगला आहे," तो म्हणाला.

माझा पारा चढला. "चांगला म्हणजे काय? चांगला काय चव असती का? नीट सांग!"

"पप्पा, मला नाही कळत एवढं."

"कळत नाही कसं? पयलं काय लागलं? मग काय लागलं? गिळल्यावर काय राहिलं?"

त्यानं पुन्हा हात पुढं केला. या वेळी डोळे मिटले नाहीत, जमिनीकडं बघत राहिला. "आधी तिखट. मग मटणाचा रस, खसखस. मग…" तो थांबला. "गिळल्यावर मागं, घशापाशी काहीतरी राहतंय. खोबरेल तेलाची जुनी बाटली असते ना, बऱ्याच दिवसांनी उघडली की… तसं. थोडंसंच."

गफूरनं परात उचलून बाजूला ठेवली. आत तोंड करून ओरडला, "बहू, खोबरा छोड़ दो आज. खसखस और दाने भूनो, जल्दी!" आतून भांड्यांचा आवाज सुरू झाला. आम्हाला त्यानं हातानंच समोरचा बाक दाखवला.

बाकावर बसलो. ऋतू भट्टीकडं बघत होता.

"आईला माहितीय?"

"नाय."

"म्हणजे कालपासून मी लिहून घेतलं ते सगळं खोटं?"

"खोटं नाय," मी म्हणालो. "जुनं हाय."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. मी म्हणालो, "उद्या राजीनामा देऊ नको. जरा थांब. माझं नाक येईल परत, डॉक्टर म्हणलाय. तोवर नोकरी कर."

"शुक्रवारी दिला."

"काय दिला?"

"राजीनामा. शुक्रवारी संध्याकाळी मेल टाकला." तो अजूनही भट्टीकडंच बघत होता. "मला माहीत होतं, इथून परत गेल्यावर तुम्ही काहीतरी खोट काढणार. अजून वर्षभर थांब म्हणणार, आणि मी थांबणार. तुमच्यापुढं माझं कधी चाललंय? म्हणून आधीच देऊन टाकला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

लाज वाटली, आणि भीतीही वाटली. लग्नाच्या वयाचा मुलगा, नोकरी सोडून बसलेला, आणि ज्याच्या भरवशावर सोडली तो मी असा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ओरडायला माझ्याकडं काही कारण नव्हतं.

अजान झाली. गल्लीत अंथरलेल्या सतरंजीवर माणसं बसली होती, खजूर तोंडात गेले, पाण्याचे पेले वर झाले आणि सगळीकडं शांत झालं. गफूरनं स्वतः दोन घोट पाणी पिऊन मग देग उघडली. नमाज आटोपून आलेल्यांची ताटं लागली, तसं आमच्याही पुढं दोन ताटं आली. हळद लावलेले पिवळे नान आणि लालभडक तरी.

ऋतू भुकेला होता. रागात असला तरी जेवायला लागला. मी नुसता नान मोडत बसलो. थोड्या वेळानं तो जेवायचा थांबला, पुन्हा एक घास घेतला, आणि म्हणाला, "यात वाळा आहे का?"

"कसला वाळा?"

"वाळा हो. उन्हाळ्यात फुलंब्रीला आजी माठात टाकायची तो. अगदी शेवटी लागतोय, गार मातीसारखा."

"खलियात वाळा?" मी उसळलो. "डोकं फिरलंय का तुझं? या खलियात काय पडतं ते मला तोंडपाठ हाय. चाळीस वर्षं झाली खातोय मी हा. माठ आणि देग यांतला फरक कळंना तुला, आणि निघाला हॉटेल काढायला!"

गफूर नानांची टोपली घेऊन चालला होता. तो थांबला. "डालता," तो म्हणाला. "पोटली में बाँध के डालता. अब्बा के टाइम से."

"वाळा?"

"हौ."

"तू कभी बोला नहीं मेरे कू!"

"तू कभी पूछा क्या?" गफूर म्हणाला. "तू तो आके बताता था."

बाकावरची दोन-तीन माणसं हसली. गफूरही हसत पुढच्या ताटाकडं गेला. त्याच्या बोलण्यात काही डंख नव्हता, त्यानं आपलं जे होतं ते सांगितलं. मला आधी राग आला. मग ताटातल्या तरीकडं बघता बघता तोही ओसरला. माझं नाक शाबूत होतं तेव्हासुद्धा वाळा त्यात होता. तीस वर्षं माझ्यापुढं ताट ठेवणाऱ्या बाईनं आमटीत, भाजीत काय काय घातलं असेल, ते मी कधी विचारलं नव्हतं. मी सांगत होतो.

नान मोडून तरीत बुडवला आणि घास घेतला. मीठ बरोबर होतं.

"ऋतू," मी म्हणालो, "आणखी काय लागतंय यात?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खरंच विचारतोय की फिरकी घेतोय, हे त्याला कळत नसावं. ते त्याला कळत नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं.

"थांबा," तो म्हणाला. "नीट खाऊ द्या आधी."

मी थांबलो.